मुतखड्यापासून संरक्षण : वनस्पतिजन्य संयुगांचे सामर्थ्य आणि मर्यादा

झाशी शहराला लागून असलेल्या नगरा भागात आणि भोवतालच्या बुंदेलखंडात मे-जून महिन्यांत पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रसंगी त्याहूनही वर जातो. जमिनीखाली कठीण कातळ, विहिरी-कूपनलिकांना जेमतेम पाणी आणि दिवसभर उन्हातले श्रम, अशा स्थितीत शरीरातील पाणी घामावाटे निघून जाते. लघवीचे प्रमाण घटते, ती गडद व तीव्र होते आणि तिच्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने बाहेर पडू लागतात. बुंदेलखंडात याला ‘पथरी’ म्हणतात, मराठीत ‘मुतखडा’ आणि आयुर्वेदात ‘अश्मरी’. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यालाही हे दुखणे तितकेच परिचयाचे आहे.

या दुखण्यावर गावोगावी वनस्पतींचे उपाय सांगितले जातात. कुळीथ, गोखरू, पाषाणभेद, वायवर्णा, भुईआवळा ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे निदान आणि चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. आधुनिक प्रयोगशाळांनीही यांतील अनेक वनस्पतींची तपासणी केली आहे. त्या तपासणीतून निघणारा निष्कर्ष मात्र लोकसमजुतीपेक्षा वेगळा आहे. वनस्पतिजन्य संयुगे तयार झालेला खडा ‘फोडतात’ असे सहसा दिसत नाही. खडा घडण्याच्या क्रियेत ती अडथळा आणतात. संरक्षण आणि उपचार यांतील हा भेद विस्तार कार्यकर्त्याने समजून घेतला, तर शेतकऱ्याचे मूत्रपिंड वाचू शकते आणि औषधी पिकांकडून त्याने ठेवलेल्या अपेक्षाही वास्तवाला धरून राहतात.

झाशी हे या विषयाकडे पाहण्याचे सोयीचे ठिकाण आहे. भारतीय गवताळ कुरण व चारा संशोधन संस्था येथे 1962 साली स्थापन झाली. कृषिवानिकीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1988 साली येथेच सुरू झाले आणि पुढे त्याला केंद्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. वृक्षायुर्वेदाच्या अभ्यासासाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची संस्थाही याच शहरात आहे. औषधी वनस्पती, वृक्ष आणि चारा या तिन्ही विषयांचा मुतखड्याशी संबंध येतो.

खडा कसा घडतो?

खडीसाखर तयार करताना पाक घट्ट करून त्यात दोरा सोडतात. पाक थंड होऊ लागला की दोऱ्यावर स्फटिक धरतात आणि हळूहळू वाढतात. मूत्रपिंडात साधारण असेच घडते. प्रथम लघवीत क्षारांचे प्रमाण विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे जाते. मग सूक्ष्म स्फटिक जन्म घेतात, वाढतात, एकमेकांना चिकटून पुंजके बनतात आणि मूत्रपिंडाच्या आतील पेशींना धरून बसतात. बाहेर वाहून न गेलेला पुंजका पुढे खडा होतो.

माणसातील सुमारे 80 टक्के खडे कॅल्शियमयुक्त असतात आणि त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे प्रमाण सर्वाधिक असते. उरलेल्यांत युरिक आम्लाचे, जंतुसंसर्गातून होणारे स्ट्रुवाइटचे आणि क्वचित सिस्टीनचे खडे आढळतात. प्रत्येक प्रकाराचे कारण निराळे असल्यामुळे सर्वांना एकच काढा लागू पडत नाही. युरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता कमी केल्यास विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्याचे तसे होत नाही.

निसर्गाने लघवीतच काही रोधक द्रव्ये ठेवली आहेत. सायट्रेट हे त्यांतील प्रमुख होय. ते कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवते आणि स्फटिकांची वाढ मंदावते. मॅग्नेशियम, फायटेट आणि काही प्रथिने याच प्रकारचे काम करतात. वनस्पतींचे साहाय्य होते ते मुख्यतः या रोधकांना बळ देण्याच्या मार्गाने.

कोणत्या वनस्पतीत काय?

कुळीथ : कोकणात कुळीथ, देशावर हुलगा आणि बुंदेलखंडात कुलथी या नावांनी ओळखले जाणारे हे कडधान्य मुतखड्यावरील घरगुती उपायांत अग्रस्थानी आहे. त्याच्या बियांतून कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ रोखणारे एक प्रथिन चंडीगड येथील पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी वेगळे केले आणि 2009 साली त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुळीथ आणि पाषाणभेद यांच्या अर्कांची परीक्षानळीत तुलना करण्यात आली. त्यात कुळथाचा अर्क अधिक प्रभावी ठरला. दोन्ही अर्क एकत्र केल्यावर मात्र परिणाम वाढण्याऐवजी घटला. जितक्या जास्त वनस्पती, तितके औषध गुणकारी, ही समजूत बरोबर नाही हे यावरून दिसते.

कुळथासह सर्व कडधान्यांत व कोंड्यासहित धान्यांत फायटेट असते. अमेरिकेतील सुमारे 96 हजार परिचारिकांच्या आहाराची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. आहारातून सर्वाधिक फायटेट घेणाऱ्या स्त्रियांत मुतखड्याचा धोका सर्वांत कमी फायटेट घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळला. डाळ-भाकरीच्या साध्या जेवणाच्या बाजूने हा महत्त्वाचा पुरावा आहे.

गोखरू : ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस म्हणजेच काटे गोखरू किंवा सराटा. त्याच्या फळांचा अर्क कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जन्मण्यास व वाढण्यास अटकाव करतो आणि ऑक्झलेटमुळे इजा पोहोचणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशींचे काही अंशी रक्षण करतो, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर 2010 साली दाखवण्यात आले.

वायवर्णा : संस्कृतात वरुण. याच्या सालीत ल्युपिऑल हे ट्रायटर्पीन वर्गातील संयुग असते. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी 1990 च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत वायवर्ण्याच्या सालीच्या काढ्यामुळे यकृतात ऑक्झलेट तयार करणाऱ्या विकराची वाढलेली क्रिया उतरली आणि मूत्रपिंडातील क्षारांचा साठा घटला. येथे ऑक्झलेटच्या निर्मितीवरच परिणाम होतो, हे या वनस्पतीचे वैशिष्ट्य आहे.

भुईआवळा : याच्या जातकुळीतील फायलँथस निरुरी ही वनस्पती ब्राझीलमध्ये ‘दगडफोडी’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. साओ पावलो येथील संशोधकांना तिच्या अर्कामुळे स्फटिक पेशींच्या आत शिरण्याचे प्रमाण घटलेले आढळले. इटलीत 150 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ध्वनिलहरींनी खडा फोडल्यानंतर हा अर्क दिलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे खडे मूत्रपिंडाच्या खालच्या भागात होते, त्यांच्यात उरलेले तुकडे निघून जाण्याचे प्रमाण अधिक होते. खडा यंत्राने फोडला होता. वनस्पतीचा उपयोग झाला तो तुकडे पुन्हा धरू नयेत म्हणून.

लिंबू : यातील सायट्रिक आम्लामुळे लघवीतील सायट्रेट वाढण्यास मदत होते. खड्याची पुनरावृत्ती होणाऱ्या 203 रुग्णांवरील इटालियन चाचणीचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. दिवसातून दोनदा 60 मिलीलिटर ताजा रस घेणाऱ्यांत आरंभीच्या काळात पुन्हा खडे होण्याचे प्रमाण कमी दिसले. पुढे अनेकांना रोज रस घेण्याचे सातत्य राखता आले नाही आणि फरकही ओसरला.

कोकम : झाशीच्या कोरड्या हवेत न वाढणारे, परंतु कोकणच्या घराघरांत असणारे हे फळ नव्या संशोधनामुळे चर्चेत आले आहे. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1965 साली कोकमाच्याच कुळातील मलबारी चिंचेत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल ओळखले. कोकमाच्या सालीतही ते असते. अर्धशतकानंतर, 2016 साली, ह्यूस्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हे संयुग कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकाची वाढ केवळ थांबवत नाही, तर विशिष्ट परिस्थितीत स्फटिकाचा पृष्ठभाग विरघळवू शकते. वनस्पतिजन्य संयुग स्फटिक विरघळवते याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. तथापि, हे निरीक्षण प्रयोगशाळेतील स्फटिकांवरचे आहे. मलबारी चिंचेच्या अर्काच्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. फळ आहारात असणे निराळे आणि त्याचा तीव्र अर्क गोळीतून घेणे निराळे.

कोकमाच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक मुद्दा येतो. आगळात मीठ भरपूर असते आणि अमृत कोकमात साखर. जास्त मीठ लघवीतील कॅल्शियम वाढवते आणि जास्त साखरही खड्याला पोषक ठरते. म्हणून आमसुले साध्या पाण्यात भिजवून केलेले, मीठ व साखर बेताची असलेले सार किंवा पेय अधिक चांगले.

खडा पडला म्हणजे औषध लागू झाले का?

गावात ज्याच्या काढ्याने खडा पडल्याची ख्याती होते, त्याच्याकडे रांग लागते. येथे एक वैद्यकीय वस्तुस्थिती लक्षात घ्यावयास हवी. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे कोणत्याही औषधाविना, काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप बाहेर पडतात. ज्या दिवसांत काढा चालू होता, त्याच दिवसांत खडा पडला, तर श्रेय काढ्याला मिळते. काढ्यासोबत पोटात गेलेले पाणीही विसरले जाते. यासाठीच काढा घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही. अशा तुलनात्मक चाचण्या आपल्या बहुतेक वनस्पतींबाबत थोड्या आणि लहान आहेत.

पाण्याविषयीचा पुरावा मात्र भक्कम आहे. इटलीतील 199 रुग्णांवर पाच वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला. नेहमीच्याच सवयी ठेवणाऱ्यांत हे प्रमाण 27 टक्के होते. कोणत्याही वनस्पतीचा विचार पाण्याची जोड म्हणूनच करावा.

दूध-दही बंद करण्याचा सल्लाही तपासून घेणे आवश्यक आहे. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकते, त्यामुळे ऑक्झलेट रक्तात कमी उतरते. पाच वर्षांच्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले, पुरेसे कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांसाहार घेणाऱ्या 60 पुरुषांपैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम कमी केलेल्या तितक्याच पुरुषांत ही संख्या 23 होती. पालक, अळू, राजगिरा, चुका यांत ऑक्झलेट अधिक असते; त्या भाज्या उकडून पाणी टाकून द्यावे आणि जेवणात दही किंवा ताक ठेवावे.

नाव एक, वनस्पती अनेक

औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीत सर्वांत मोठा धोका नावांच्या गोंधळाचा आहे. ‘पाषाणभेद’ म्हणून हिमालयातील बर्जेनियाची मुळे विकली जातात. दक्षिणेत त्याच नावाने कपुरमाधुरी किंवा नदीपात्रात वाढणारी रोटुला अक्वाटिका वापरतात, तर घराघरांत पानफुटीला पाषाणभेद म्हटले जाते. या वनस्पतींची कुळे आणि संयुगे वेगवेगळी आहेत. एकीवर झालेल्या संशोधनाचा आधार दुसरीला देता येत नाही.

गोखरूच्या बाबतीत हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा, काटेरी फळांचा सराटा हा औषधातील लहान गोखरू. पेडॅलियम म्युरेक्स हा मोठा गोखरू. परंतु पडीक जमिनीत व रस्त्याकडेला उंच वाढणाऱ्या झँथियम या तणालाही अनेक गावांत गोखरू म्हणतात. त्याचे दुसरे नाव शंकेश्वर. झँथियमच्या बियांत व कोवळ्या रोपांत यकृताला घातक असे विषारी द्रव्य असते. केवळ नावावर विसंबून गोळा केलेला माल म्हणूनच धोक्याचा ठरतो. खरा सराटाही सर्वथा निरुपद्रवी नाही. मेंढ्यांनी तो अधिक चरल्यास त्यातील सॅपोनिनांमुळे यकृत बिघडून त्यांच्या तोंडाच्या त्वचेवर उन्हाने सूज येते, असे दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळांच्या अनुभवावरून व अभ्यासावरून ज्ञात आहे.

चारा आणि जनावरांतील मुतखडा

मुतखडा जनावरांनाही होतो आणि तेथे तो अनेकदा प्राणघातक ठरतो. बोकड, खच्ची केलेले नर आणि रेडे यांची मूत्रनलिका लांब व अरुंद असल्याने लहानसा खडाही तिच्यात अडकतो. जनावर कुंथते, पाय मागे ताणून उभे राहते, लघवी थेंबथेंब येते किंवा पूर्ण थांबते. वेळेत उपचार न झाल्यास मूत्राशय फुटते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. काढे पाजून वाट पाहू नये.

रवंथ करणाऱ्या जनावरांत फॉस्फेटचे व सिलिकाचे खडे अधिक आढळतात. धान्य व कोंडा यांचा मारा झाल्यास आहारातील फॉस्फरस वाढतो. म्हणून कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण साधारण 2:1 राखावे, खुराकासोबत पुरेशी वैरण द्यावी आणि पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. फार लहान वयात खच्चीकरण केल्यास मूत्रनलिकेची वाढ खुंटते, हेही ध्यानात असावे.

ऑक्झलेटचा प्रश्न संकरित नेपियर, सेटारिया आणि भाताचा पेंढा यांच्या बाबतीत उद्भवतो. चाऱ्यातील विद्राव्य ऑक्झलेट शुष्क भाराच्या 2 टक्क्यांहून अधिक झाल्यास धोका संभवतो. कोवळ्या पानांत ते जास्त असते. कापणीचे अंतर वाढवल्यास प्रमाण उतरते, तर नत्र व पालाशाच्या जादा मात्रेने वाढते. नेपियर एकट्याने न देता ज्वारी-मक्याचा चारा किंवा द्विदल चाऱ्यासोबत द्यावा, खनिज मिश्रण वापरावे आणि नव्या चाऱ्याकडे हळूहळू वळावे. जनावराच्या मोठ्या पोटातील जिवाणू ऑक्झलेट पचवतात, पण त्यांची संख्या वाढण्यास अवधी लागतो. यांपैकी ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस हा जिवाणू प्रथम मेंढीच्या पोटातून मिळाला आणि 1985 साली त्याचे नामकरण झाले. हाच जिवाणू अनेक माणसांच्या आतड्यांतही राहतो. चाऱ्याच्या अभ्यासातून मानवी आरोग्याला मिळालेला हा धागा आहे.

शेतकऱ्यांसाठी संधी

मुतखड्यावरील वनस्पतींत सर्वांत सुरक्षित संधी कुळथाची आहे, कारण ते प्रथम अन्न आहे आणि मग औषध. हलक्या जमिनीत, अल्प पावसात हे पीक येते. बुंदेलखंड व मराठवाड्यासारख्या प्रदेशांना ते मानवते. कोकणात भात कापणीनंतर उरलेल्या ओलाव्यावर ते घेतले जाते. सीना, माण आणि दापोली कुळीथ-1 हे महाराष्ट्रातील परिचित वाण आहेत. जनावरांना त्याचा भुसा व हिरवा चाराही चालतो. पीठ, मोड आलेले धान्य व कढणाचे तयार मिश्रण यांतून महिला बचत गटांना मूल्यवर्धन साधता येईल. मात्र ‘मुतखडा बरा करणारे’ अशी जाहिरात वेष्टनावर करू नये. ती कायद्याला धरून नाही आणि सत्यालाही.

वायवर्णा हा बांधावर आणि ओढ्याकाठी लावण्याजोगा वृक्ष आहे. जंगलातील झाडांची साल सर्व बाजूंनी सोलल्याने झाड वाळते. त्याऐवजी बांधावरील झाडांच्या छाटलेल्या फांद्यांची साल काढल्यास झाड टिकते आणि उत्पन्नही चालू राहते. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोंकण अमृता व कोंकण हातिस हे कोकमाचे वाण उपलब्ध आहेत. गोखरूसारखी तणे गोळा करून विकणाऱ्यांनी कृषी विद्यापीठ किंवा आयुर्वेद संशोधन संस्थेकडून नमुन्याची ओळख पटवून घ्यावी. खरेदीदाराशी बोलणी झाल्याखेरीज मोठ्या क्षेत्रावर औषधी पीक घेऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे असे

1. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असणे ही घरच्या घरी करता येणारी खूण आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

2. मीठ बेताने, दूध-दही नेहमीप्रमाणे, कडधान्ये व लिंबू नियमित असा आहार ठेवावा.

3. थंडी वाजून ताप, लघवी बंद होणे, न थांबणारी उलटी किंवा असह्य वेदना यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाल्यास विलंब प्राणघातक ठरतो.

4. वेदना थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे. अडकलेला खडा निमूटपणे मूत्रपिंड निकामी करू शकतो; सोनोग्राफीने खात्री करून घ्यावी.

5. बाहेर पडलेला खडा फेकून न देता तपासणीस द्यावा. त्याचा प्रकार कळला तरच पुढील आहार व औषध नेमके ठरते.

6. गर्भवती, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी कोणताही काढा डॉक्टर अथवा वैद्यांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

वनस्पतींत मुतखड्याला अटकाव करणारी संयुगे आहेत, हे प्रयोगशाळांनी मान्य केले आहे. त्यांचा खरा लाभ खडा होण्यापूर्वी किंवा एकदा निघून गेल्यावर, रोजच्या ताटातून आणि पुरेशा पाण्यासोबत मिळतो. खडा मूत्रमार्गात अडकल्यानंतर मात्र रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. काढ्याची परीक्षा पाहण्याची ती वेळ नसते.